टोपली पुढ्यात ठेवली

सोमवार, ३ मार्च

मिठी! पान दोनशे अकरावर चक्क मिठी घुसवली आहे!

प्रुफांचा गठ्ठा दुपारी आला. चहा ओतून घेतला, चष्मा पुसला, म्हटलं निवांत बघू. दोनशे दहापर्यंत ठीक होतं. स्वल्पविरामांची कत्तल, पण ती नेहमीचीच. आणि मग हे, लाल शाईत: ‘आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं लेकीला उराशी धरलं.’

कुणी धरलं? कधी धरलं? मूळ कादंबरीत असलं एक अक्षर नाही. मुलगी एकोणीस वर्षांनी घरी येते. बाप आजारी असताना घर सोडून गेलेली, तो गेल्यावरही न फिरकलेली. दारात उभी राहते. आई तिच्याकडे रोखून बघते, तरातरा आत जाते आणि शेंगांची टोपली आणून तिच्यापुढे आदळते. कशी आहेस नाही, बस नाही, पाणी नाही. मुलगी मुकाट शेंगा सोलायला लागते. प्रकरण संपलं! त्या एका पानासाठी मी हे पुस्तक अनुवादाला घेतलं. आईनं माफ केलेलं नाही — तीच तर कादंबरी आहे! दीड वर्ष घासून मी त्या बाईचा राग मराठीत आणला, आणि या कातरीनं दोन ओळींत त्याचं पाणी केलं.

(कातरी म्हणजे आमच्या संपादकबाई. तोंडावर ‘मॅडम’. नाव मीच ठेवलंय आणि ते तिला शोभतं.)

मंगळवार, ४ मार्च

फोन केला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून केला. तिसऱ्या वाक्याला चढला.

‘आपल्या वाचकाला कळायला नको का, आईनं माफ केलं ते?’

‘अहो, तिनं माफ केलेलंच नाही!’

‘मला वाचताना तसं वाटलं हो.’

वाटलं! मूळ भाषेतलं एक वाक्य हिला वाचता येत नाही, सगळं माझ्या मराठीतूनच वाचलंय, आणि हिला वाटलं! मी बावीस वर्षं त्या भाषेशी झटतेय. माझ्या शब्दकोशाची पाठ तीनदा शिवून झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

वर म्हणे, मिठी नको तर तळटीप देऊ. तळटीप! वाचक पुस्तकात बुडालेला असतो, तेव्हा त्याला उठवायचं, पानाच्या तळाशी न्यायचं, तिथे बारीक अक्षरात परदेशातल्या रीतिरिवाजांची माहिती पाजायची आणि म्हणायचं, जा, आता रडा. माझ्या एकाही पुस्तकात तळटीप नाही. यातही नसणार.

बुधवार, ५ मार्च

बाकीची करामत बघितली. यादीच करून ठेवते, भांडताना लागेल.

बर्फाचा पाऊस केलाय. ‘आपल्याकडे बर्फ कुणी बघितलाय?’ ठीक आहे, पण घसरगाडी तशीच राहिली. आता माझी पात्रं धो धो पावसात घसरगाडी ओढतायत.

आत्याची मावशी केलीय. त्या भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांना मिळून एकच शब्द. मी लेखिकेकडून चार पिढ्यांची वंशावळ मागवली, तेव्हा कुठे छातीठोकपणे ‘आत्या’ लिहिलं. हिनं सरसकट मावशी. का? ‘मावशी जास्त प्रेमळ वाटते.’ अहो, पण ती प्रेमळ नाहीच! ती बापाची बहीण आहे आणि तिनं अर्धं घर लाटलंय!

दुसऱ्या प्रकरणातला चुलत्याचा प्रसंग उडवलाय, चार पानं. ते जाऊ दे, खरंच पाल्हाळ आहे. घराशी भांडलेला चुलता येतो, त्याला चांगल्या ताटात वाढतात, पाठीला उशी देतात, पाण्याचा पेलासुद्धा स्वतःहून उचलू देत नाहीत, तो जेवतो आणि जातो. पुढे त्याचं काहीच नाही. लेखिकांनाही कधी कधी आवरत नाही. इथे मी मान डोलावली.

शुक्रवार, ७ मार्च

नवरा म्हणाला, ‘पुस्तकातल्या आईवरून एवढी भांडतेस. त्या बिचारीला पत्ता तरी आहे का?’

भांडी घासली. जरा जोरात.

रविवार, ९ मार्च

ताईकडे. डोकं शांत झालं. नेहमीसारखाच थाट — दारातच हातातली पिशवी काढून घेतली, धुतलेला टॉवेल, सोनेरी काठाचा कप, पाठीला उशी. तिच्या जाऊबाई खाली बसून पडद्यांना कड्या शिवत होत्या आणि ताई त्यांना झापत होती. ‘दोरा लहान घे गं, किती वेळा सांगायचं? गुंता करून ठेवशील!’ मी म्हटलं, एक पडदा मला दे. सुईला हात लावू दिला नाही. कप विसळायला उठले तर तोही काढून घेतला. ‘राहू दे, तू बस.’ आईच्या माघारी माहेर म्हणावं ते हेच. माझे एवढे लाड या वयात दुसरं कोण करणार?

मन मोठं आहे तिचं. बाबांच्या शेवटच्या तीन आठवड्यांत मी नव्हते. परदेशात अनुवादकांच्या शिबिरात होते, याच भाषेच्या. ताईचे तीन फोन आले. तिन्ही वेळा म्हणाले, ‘शिबिर संपलं की येते.’ पोचले ती सगळं उरकल्यावर, चौथ्या दिवशी. सहा वर्षं झाली या गोष्टीला. ताई एका शब्दानं बोलली नाही. उलट तेव्हापासून सरबराई वाढलीच. माफ करणं म्हणजे हे! आणि ती कादंबरीतली आई — दगड नुसता. कातरीला एकदा ताईच्या घरी न्यायला हवं. माफ करणारं माणूस कसं दिसतं ते तरी कळेल.

सोमवार, १० मार्च

ठरलं. थेट लेखिकेलाच लिहिलं. वय शहाऐंशी, डोळ्यांना दिसत नाही, नात वाचून दाखवते आणि तीच उत्तर लिहिते. दोनच प्रश्न विचारले: आई टोपली आणते तेव्हा तिनं मुलीला माफ केलेलं असतं का? ती मुलीला जवळ घेते का?

येऊ दे खुद्द लेखिकेच्या तोंडून ‘नाही’. मोठ्या अक्षरात छापून कातरीच्या टेबलावर ठेवते!

बुधवार, १२ मार्च

मुखपृष्ठं छापून आली. ‘आईची अढी’. नाव माझं. मूळ पुस्तकाचं नाव नुसतं ‘टोपली’. प्रकाशनाचे मालक म्हणाले होते, असल्या नावाचं पुस्तक लोक भाजीच्या दुकानात शोधतील. कातरीला हवं होतं ‘पुन्हा आईच्या कुशीत’. तासभर भांडून मी ‘अढी’ मिळवली. अनुवादकाचं नाव मुंगीएवढं आहे, त्यावर वेगळी भांडेन.

माझी प्रस्तावनाही अक्षरजुळणी होऊन आली. सात पानं. पहिलं वाक्य मलाच फार आवडतं: ‘ही क्षमा नाकारण्याची कादंबरी आहे.’

सोमवार, १७ मार्च

उत्तर नाही. म्हातारी बरी असेल ना? कातरीचा निरोप: शुक्रवारपर्यंत प्रुफं परत हवीत. ‘मिठी ठेवूया ना?’ नाही ठेवायची!

बुधवार, १९ मार्च

आलं. नातीनं लिहिलंय. जसंच्या तसं उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मला पळता येणार नाही.

‘आजी खूप हसली. मग तिनं मला तुमचा प्रश्न पुन्हा वाचायला लावला, आणि मग ती हसली नाही. ती सांगते: तिला लिही, आमच्याकडे ज्याच्याबद्दल मनात राग असतो त्याला चांगल्या ताटात वाढतात. त्याला उशी देतात, गोड बोलतात, कशाला हात लावू देत नाहीत. तो परका झाला. ज्याला माफ केलं त्याच्यापुढे काम ठेवतात. काम घरच्या माणसालाच सांगतात. आई टोपली ठेवते त्या पानावर आमच्याकडची माणसं रडतात. चुलत्याचा प्रसंग मी आधी त्यासाठीच घातलाय. जवळ कशाला घ्यायला हवं? टोपली दिली ना!’

खाली नातीची स्वतःची ओळ: ‘आजी विचारते, तुम्हाला हे इतके दिवस काय वाटत होतं?’

हात दाखवून अवलक्षण! मीच विचारायला गेले होते!

गुरुवार, २० मार्च

कुणावर चिडू? कातरीवर चिडायची सोयसुद्धा राहिली नाही.

सगळे खर्डे काढले. मूळ क्रियापद साधं आहे. ठेवली. टोपली पुढ्यात ठेवली. पहिल्या खर्ड्यात मीही तेच लिहिलंय, पेन्सिलीतलं अजून दिसतं. मग ते खोडून शाईनं ‘आदळली’. कुणी सांगितलं होतं? ‘बघितलं’ होतं, ते मी ‘रोखून बघितलं’ केलं. ‘आत गेली’ होतं, त्याला ‘तरातरा’ मी जोडलं. संध्याकाळपर्यंत अशा एकतीस जागा सापडल्या. एकतीस! प्रत्येक ठिकाणी आईचा आवाज मी चढवलाय, प्रत्येक ठिकाणी तिच्या कपाळावर एक आठी मी काढलीय. तिनं माफ केलं नसणार हे मी पहिल्या वाचनातच ठरवून टाकलं होतं. बाप मरत असताना न आलेल्या मुलीला कोण माफ करेल?

कातरीनं दोन ओळी घुसवल्या, त्याही उघड, लाल शाईत, मला दिसतील अशा. मी तीनशे पानं एका आईचा चेहरा बदलत गेले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. वर त्याला सात पानांची प्रस्तावना! लाज वाटते. खरंच वाटते.

शुक्रवार, २१ मार्च

कचेरीत गेले. सगळं सांगून टाकलं. कातरी ‘बघा, मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. एवढंच म्हणाली, ‘मला त्यांची रीत कुठे माहीत? पण रागात कुणी शेंगा सोलायला बसवतं का हो?’ इतकी साधी गोष्ट! बावीस वर्षं, तीनदा शिवलेला शब्दकोश, आणि मला सुचली नाही.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘छापलेली मुखपृष्ठं काय घराच्या भिंतींना चिकटवू?’ चिकटवा म्हटलं, पण ‘अढी’ नावाचं पुस्तक मी निघू देणार नाही. माझंच नाव, मीच मारते. शेवटी ‘टोपली’. भाजीच्या दुकानात तर भाजीच्या दुकानात! प्रस्तावना रद्द.

मिठीवर मात्र मी हटले नाही. कातरी म्हणाली, आता तर आईनं माफ केल्याचं पक्कं झालं, मग राहू दे की. नाही! आई मिठी मारत नाही, टोपली देते. वाचकाला तेवढं कळेल. ‘कसं कळेल?’ चुलत्याची चार पानं परत घाला. आधी उशी आणि ताट बघितलेला वाचक पावणेदोनशे पानांनी टोपली बघेल, तेव्हा त्याला मी सांगायची गरज नाही, तुम्हीही नाही आणि तळटीपही नाही. लेखिकेनं तजवीज करून ठेवली होती, आपण दोघींनी मिळून ती उडवली.

कातरीनं स्वतःच्या हातानं मिठीवर काट मारली. मावशीची आत्या झाली. बर्फही परत पडला.

शनिवार, २९ मार्च

आठवडाभर तेच. एकतीसच्या एकतीस जागा पुसल्या. ‘तरातरा’ काढलं, ‘रोखून’ काढलं. टोपलीचं पान मोठ्यानं वाचून बघितलं. ‘आईनं टोपली तिच्या पुढ्यात ठेवली.’ चष्मा काढून पुसावा लागला. दीड वर्षात या पानावर मला रडू आलं नव्हतं. नुसता राग यायचा.

रविवार, ३० मार्च

ताईकडे. सोनेरी काठाचा कप. पाठीला उशी. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. मी उठले. म्हटलं, ‘ताई, दे इकडे, घड्या मी घालते.’

ताईनं ढीग उचलला आणि जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवला.

‘तू कशाला? तू बस,’ अगदी गोड आवाजात. ‘अजून चहा आणू?’

बसले. सहा वर्षं मी याला लाड म्हणत होते.