पियानोला पाजलेलं तेल

बाई, दुपारी डोळा लागला की अजूनही तुमचा पियानो ऐकू येतो. बिदरच्या शाळेचा लांबट हॉल, फरशीवर पिवळं ऊन, तुम्ही पाठमोऱ्या. आमच्या गावाच्या, जनवाड्याच्या बसनं आलेली मी दारातच उभी आहे आणि सूर अंगावरून पाण्यासारखे चाललेत. तेव्हा आपलं राज्य अजून कर्नाटक नव्हे, म्हैसूरच होतं. गावाच्या लेखी तुम्ही प्रार्थनेला बाजा वाजवणाऱ्या बाई, बस्स. ती परदेशातली लांबलचक सुरावट तुम्ही माझ्या एकटीसमोर वाजवायचात. माझं मनगट ताठ झालं की टिचकी बसायची. "भाकरी थापायलीस व्हय गं? हलका ठेव हात."

हैदराबादच्या संगीतशाळेचे एक म्हातारे मास्तर तुम्हाला ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर तिथं नोकरी, समोर जाणते कान. आठवडाभर तुमचे पाय जमिनीवर नव्हते. नेमकं तेव्हाच पियानोचं पायानं दाबायचं पेडल कुरकुरायला लागलं. आमच्या घरी कुरकुरेल त्याला तेल, मग गाडीचा आख असो की दाराची बिजागरी. आदल्या दिवशी मी घरून करडईचं तेल आणलं, पेडलला घातलं, आणि अति शहाणी मी, झाकण उघडून तारांवर पडणाऱ्या आतल्या लोकरीच्या हातोड्यांनाही मायेनं पाजलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाजवायला बसता. सूर गोधडीखालून आल्यासारखे येतात, दाबलेल्या पट्ट्या वर येत नाहीत. तरी तुम्ही शेवटपर्यंत वाजवता. मास्तर चहालाही थांबले नाहीत. मागं बसलेल्या शाळेतल्या बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "उगं मोठेपणा करायलती. येतंय कुठं तिला!"

सगळे गेल्यावर तुम्ही झाकण उघडलंत, आत बोट फिरवून वास घेतलात.

"कुणी घातलं गं हे?"

"म्हाईत न्हाई, बाई."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि पदरानं एकेक हातोडी पुसत बसलात. पुढं दोन उन्हाळ्यांनी कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. तेहतीस हे काय जायचं वय?

हे पत्र वहीतच राहील. एक मात्र लिहून टाकते. शाळेतल्या जुन्या बाया भेटल्या, तुमचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हैदराबादवाल्यापुढं वाजवायला आलं न्हाई बिचारीला." तुमच्यासारखं वाजवणारं मी पुन्हा कुणी ऐकलं नाही. पण तसं म्हटलं तर त्या दिवशी काय झालं, हे त्या विचारतील. म्हणून बाई, मी त्यांच्याबरोबर हो म्हणून मान हलवते.