चेन अडकली

मंगळवार, संध्याकाळ. नेर.

जेवण वाढून ठेवलं आहे, पण माहे हात अजून काळेच. या डायरीच्या पानालेही ग्रीस लागलं.

दुकानात एक सायकल खोलून बसलो होतो, तर फ्रान्सवरून सुजाताचा व्हिडिओ कॉल. शिकायले गेलेली माही पोरगी, सुट्टीत एकटीच सायकलीनं तिथली खेडी फिरून राह्यली. म्हणे, "बाबा, चेन चाकात अडकली."

म्हटलं, "कोणाले तरी हाक मार."

तिनं फोन फिरवून दाखवला. दोन्हीकडं गहू, मधात रस्ता, माणूस एक नाही.

"शांत आहे म्हणूनच तर आली इथं," हासत होती. आपल्या इथं चेन उतरली तर चार जण गोळा होतात. तिथं कायले नाही?

मी समोरच्या साध्या, बिनगिअरच्या सायकलीवर दाखवू लागलो. "मागचं चाक ढिलं कर, आता चेन वरून..." अन् फोन कटला. तेव्हापासून लागूनच नाही राह्यला. तिची तर गिअरची सायकल. मी सांगितलं तेच चुकलं असन तर?

बायको पुन्हा म्हणाली, "अहो, हात धुवा, जेवून घ्या."

कसे धुवू? धुतले की पोरीले त्या रस्त्यावर सोडून घरी आल्यासारखं होईन.