गाडी भाड्यानं, वैरण आपली

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

मुंबईच्या विसनजी शेठचं कार्ड आलं. आजवर मुनीम यायचा, या खेपेला जानेवारीत शेठ स्वतः येणार. सोलापुरातल्या एकाच मागवाल्याला तीन वर्षांची टॉवेलची ऑर्डर देणार. सगळा माल अरबस्तानात. आपले माग चार, पण पावसाळ्यापासून चालतात दोनच. ऑर्डर मिळाली तर चारी चालतील. नाही मिळाली तर शेडचं भाडंसुद्धा निघायचं नाही.

शेजारच्या शेडचा कल्लप्पाही शेठच्या मागं लागणार. हा एमआयडीसीत सायकलवर येतो. कॅरिअरला सॅम्पल बांधून! अशा माणसावर कोण विश्वास ठेवील? शेठ माल नंतर बघतो, आधी माणसाचा थाट बघतो. बिझनेसचं पहिलं तत्त्व. मी शोधलेलं.

ठराव: शेठला स्टेशनवरून मोठ्या मोटारीतून आणायचं. मोटार महिनेवारीनं भाड्यानं घ्यायची. बजेट महिना अडीचशे. एक पैसा जास्त नाही.

१५ नोव्हेंबर

मोटारी पाहिल्या. नवी पेठेतल्या सराफाची अँबॅसेडर: कुणाकडेही असते. डॉक्टरांची फियाट: विचारल्यावर डॉक्टर हसले आणि माझी नाडी बघितली. एक जीप: शेठ म्हणजे फौजदार नव्हे.

संध्याकाळी विजापूर वेशीत इसूफभाईंच्या गॅरेजात ती दिसली. अमेरिकन. सायीच्या रंगाची. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब. पूर्वी कुठल्याशा जहागीरदाराची होती म्हणे. इसूफभाई म्हणाले, ऐसी गाडी पूरे सोलापूर में नै. भाडं चारशे. मी चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही. फक्त तीनदा आत बसून बाहेर आलो.

१८ नोव्हेंबर, रविवार

सौदा करायला मेहुणा ईरप्पाला मैंदर्गीहून बोलावलं. तो बैलबाजारातला दलाल. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. जो माणूस बैलाला फसत नाही तो मोटारीला काय फसणार?

ईरप्पानं मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बंपरखाली वाकून बघितलं, टायरला लाथ मारली, चालवून दावा म्हणाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, दाजी, पाय चांगलं हायत, पर खाईल लई. मी दुर्लक्ष केलं. खेड्यातला माणूस.

मग आपल्याच सॅम्पलचा टॉवेल हातांवर टाकून बोटं सुरू झाली. मधेच मी ईरप्पाला कानडीत सांगितलं की दोनशेपासून धर, अडीचशेपर्यंत माझी तयारी आहे. कानडी हे आपलं गुप्त शस्त्र. इसूफभाईंच्या कपाळावर घाम! बरोबर अडीचशेला भाव ठरला. सहा महिन्यांसाठी. बैलाचा रिवाज मोटारीलाही लागू: ज्याच्या दावणीला, त्याची वैरण. म्हणजे पेट्रोल आपलं. किरकोळ बाब. मी पाच रुपये इसार त्यांच्या हातावर ठेवला. इसार पडला की सौदा पक्का, मग कुणाच्या बापाला फिरवता येत नाही.

निघताना इसूफभाई म्हणाले, ऊटा माडकोंडु होगरी. म्हणजे जेवूनच जा. अस्सल कानडी. जन्म अक्कलकोटचा निघाला. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

२० नोव्हेंबर

पंपावर कळलं की पेट्रोल याच महिन्यात भयंकर महागलं आहे. अरबांनी काहीतरी केलं म्हणे. मला कसं कळणार? मी पेपर वाचत नाही, पेपरात टॉवेल बांधतो. इसूफभाईंनाही ठाऊक नसावं, नाहीतर इतक्या स्वस्तात दिली नसती. भोळा माणूस.

असो. टॉवेल अरबांनाच जाणार आहेत. तिकडून वसूल करू.

२५ नोव्हेंबर

ड्रायव्हर बजेटात बसत नाही. स्वतःच शिकलो. लायसन्स मिळालं, त्याची हकीकत लिहीत नाही. पांढरा कोट आणि टोपी शिवून घेतली. मोटारीला शोभलं पाहिजे.

मौलाली मागं बसून येतो, ढकलायला. आपला जुना विणकर, हात सोन्याचा, तोंड मात्र नाही. म्हणाला, मालक, पंपावर भरलेलं घरला येईस्तोवर संपतंय की, मग भरायचं कशापायी? अशा प्रश्नांना उत्तर देत बसलो तर धंदा कधी करू?

३ डिसेंबर

नवा ठराव: मोटार चालवायची नाही. दारात उभी दिसली की पुरे. पत वाढायची ती उभ्यानंही वाढते.

बायकोनं, म्हणजे काशम्मानं, बॉनेटवर कडक भाकरी वाळत घातल्या. मी ओरडलो. ती म्हणाली, तुमची मोटार येवढ्याच उपेगाची हाय. बायकांना बिझनेस कळत नाही. भाकरी मात्र छान वाळल्या.

१० डिसेंबर

पहिल्या महिन्याचं भाडं द्यायचं, शेठ येईपर्यंत टाकी भरलेली ठेवायची. बंद पडलेले दोन माग कल्लप्पाला भाड्यानं दिले. तसेही उभेच होते. कल्लप्पानं दोन दिवसांत सुरू केले. लोक कसे हपापलेले असतात.

२४ डिसेंबर

मागचा टायर फुटला. या मापाचा टायर सोलापुरात नाही, पुण्यात नाही. मुंबईला मिळाला, त्या किमतीत माग आला असता.

उरलेले दोन मागही कल्लप्पाला दिले. तीन वर्षांच्या करारानं, कारण आगाऊ रक्कम हवी होती. माग आपल्याच शेडमध्ये, पण मौलाली मागांबरोबर कल्लप्पाच्या पगारावर गेला. जाताना पाया पडला. उगाच.

काशम्मानं विचारलं, आता शेठ आल्यावर त्यास्नी दावणार काय? मी म्हणालो, मोटार. ती भाकऱ्यांची परडी घेऊन मोटारीकडं गेली. पटलं असावं.

१ जानेवारी १९७४

नव्या वर्षाचे ठराव: रोज इंग्रजीतून पाच वाक्यं. राग नाही. ऑर्डर मिळाली की चारी माग परत, शिवाय आठ नवे. कल्लप्पाला सुपरवायझर म्हणून ठेवायचं. मन मोठं असावं माणसाचं.

१६ जानेवारी, रात्री

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

गाडी दीड तास लेट. शेठ उतरले, वृद्ध, बारीक, हातात एकच पिशवी. मी इंग्रजीतलं स्वागत पाठ करून गेलो होतो. पहिलं वाक्य जुळवेपर्यंत शेठनी पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, मोटार कुठंय? ठरवलं, भाषण शेडमध्ये करू. मी दार उघडलं. शेठ मागच्या सीटवर बसले. आरामशीर. मोटार पाहून, वा, म्हणाले. हे वा मी आयुष्यभर विसरणार नाही.

अक्कलकोट रोडला इंजिन तापलं. शेडच्या दारात नुसती वाफ. मी रेडिएटरला पाणी घालत होतो तेवढ्यात शेठ एकटेच आत गेले. मी पोचलो तेव्हा त्यांच्या हातात टॉवेल होता. गालाला लावून बघत होते. अव्वल, म्हणाले. कुणाचा माल?

मौलालीकडं मी डोळे वटारले. मौलाली म्हणाला, कल्लप्पा मालकाचा हाय जी.

मी बोलणारच होतो. तेवढ्यात शेठ म्हणाले, त्या कल्लप्पाकडं घ्या.

घेतलं. शेजारच्याच शेडमध्ये, मोटारीनंच. शेठ आत तासभर. मी बाहेर, कारण इंजिन थंड होईना. कल्लप्पानं कपबशीतून चहा पाठवला, बशी फुटकी. हवापाण्याच्या गप्पा मारत असावेत.

परत स्टेशन. आणि आता मुख्य गोष्ट! डब्यात चढताना शेठनी माझ्या हातावर पाच रुपये ठेवले आणि मूठ मिटवली. भला माणूस हो, म्हणाले.

इसार!! कल्लप्पाशी बोलले तासभर, पण इसार दिला मला. एवढं मोठं माणूस, रिवाज बरोबर माहीत. पाच रुपये देव्हाऱ्यात ठेवले. काशम्मानं विचारलं, कागूद काय दिला का? तिला सांगितलं, मोठ्या लोकांचे सौदे कागदावर नसतात.

२४ जानेवारी

मुंबईहून पत्र नाही. पोस्टाचा कारभार ढिला झाला आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कल्लप्पा घरी आला. सायकल बाहेर मोटारीला टेकवली. शेठचं पत्र आणलं होतं. तीन वर्षांची ऑर्डर कल्लप्पाला. मोठ्यानं वाचत होता, एका ओळीपाशी अडखळला आणि घडी घालू लागला. मी हातातून घेऊन वाचलं. वीस तारखेला परत येतो, मागच्या खेपेची मोटार आणि तोच ड्रायव्हर पाठवा, माणूस प्रामाणिक आहे, बक्षिशीसाठी तोंड वेंगाडत नाही.

काशम्मा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

खूप वाईट वाटलं. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. दुपारी शेडच्या मागच्या भिंतीला उभा राहून चारी माग चालताना ऐकले. अशा आवाजासाठीच तर सगळं केलं होतं.

संध्याकाळी कल्लप्पा पुन्हा आला. म्हणाला, म्या आजच शेठना कळवतो की, तुमी डायवर न्हाय, मालक हायसा. मी विचारलं, कशाचा मालक म्हणून लिहिशील? त्यानं मोटारीकडं बघितलं, मग शेडच्या दिशेनं. मीही बघितलं.

मग त्याला म्हणालो, राहू दे. गाडी किती वाजता येते तेवढं विचार.