खांद्याला झेपेल असा रॉड

वेस्टपोर्ट,
मंगळवार, २४ मे १९९४

प्रिय यूनिस,

तू लेकीकडे प्रॉव्हिडन्सला नीट पोचलीस, हे मला पोस्टातल्या बाईकडून कळलं. थेल्माच्या घरी पाठीला पुरेशा उशा आणि प्यायला बरी कॉफी मिळत असेल असं धरून चालते. मी ठीक आहे, दुकानही ठीक आहे. सोबत गोड पाव पाठवतेय. मीच भाजलाय, खालून जरा लागलाय, तेवढा भाग काढून टाक.

पुलाखालचं पाणी या आठवड्यात थोडं ऊबदार झालंय आणि लहान स्ट्रायपर मासे नुसते उसळतायत. अठरा-वीस इंचांचे, सगळे कायद्याने परत पाण्यात सोडायच्या मापाचे. काल एक दातांचा डॉक्टर सांगत होता की त्याने दोन तासांत एकतीस धरले. निम्मे खोटे धर, तरी पुष्कळ झाले.

त्यामुळे दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सध्या गळाचा हलका रॉड हवाय. आणि हलका म्हणजे काय, हे एकालाही कळत नाही. येतात, रॉडवर छापलेले आकडे वाचतात आणि मला शहाणपणा शिकवतात. तुला माझी पद्धत ठाऊक आहे. रीळ लावून रॉड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, समोर धरायला सांगायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. तीन मिनिटांत हात खाली यायला लागला, तर तो रॉड त्याचा नव्हे. टोक इतकं लवचिक हवं की लहान मासा डोकं हलवतोय ते थेट मनगटाला कळलं पाहिजे. रीळ छोटं, दोरा बारीक. ताठ रॉडवर मासा लागलाय की शेवाळ अडकलंय तेच समजत नाही, आणि दिवसभर गळ फेकून खांदा मात्र भरून येतो.

तुझ्यासाठी बावीस वर्षं मीच निवडत आले. तू कधी आकडा वाचला नाहीस. नुसता हात पुढे करायचीस आणि म्हणायचीस, "दे गं, काय द्यायचंय ते."

लेस्टरचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसले होते. पहिल्याच पानावर निघालं, तर असू दे. तुझ्या खांद्याच्या ऑपरेशननंतर तो तुला व्यायामाला गाडीतून घेऊन जायचा, हे चांगलंच केलं त्याने. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस, सकाळी दुसरं करणार काय? पण मार्चमध्ये तू त्याला दुकानात घेऊन आलीस आणि म्हणालीस, "याला यंदा आपल्या जागेवर न्यायचं म्हणतेय." आपल्या जागेवर! मी तिथल्या तिथे म्हटलं, "रॉड झाडूसारखा धरतो तो. मासे आणायला नेतेयस की अंगण झाडायला?" तो बिचारा हसला. तू हसली नाहीस. त्या दिवसापासून तू दुकानात पाऊल टाकलं नाहीस.

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. पोटशूळ उठला मला. या किनाऱ्यावरचे स्ट्रायपर जवळजवळ संपले होते, तेव्हा आपल्या जागेवर, त्या दलदलीत, कोण उभं होतं? तू आणि मी. दोन अख्खे हंगाम एक मासा नाही, तरी दर शनिवारी आपण बूट चढवून जायचो, सॉसेजचे पाव खायचो आणि परत यायचो. तेव्हा कुठे होता लेस्टर? आणि आता मासा भरभरून परत आलाय, तर माझ्या जागेवर तो उभा. मेच्या पहिल्या रविवारी मी पुलावरून पाहिलं तुम्हाला. तो काहीतरी बोलला आणि तू मान मागे टाकून हसलीस. मी गाडी थांबवून पाहत राहिले. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा हलले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी असला जळफळाट शोभत नाही, पण झाला खरा.

तुझ्या खांद्याचं विचारायचं राहूनच चाललंय. राहून चाललंय असं नाही, मीच टाळतेय. शिवलेला स्नायू पुन्हा फाटला असं ऐकलं. एप्रिलच्या शेवटी लेस्टर दुकानात आला होता, तुझ्यासाठी रॉड हवा म्हणून. मी त्याला एक दिला. त्याबद्दल मला

गिऱ्हाईक आलंय. थांबते.

गुरुवार, २६ मे

गिऱ्हाईक तेव्हाच गेलं होतं. पत्र पुढे लिहायला मीच दोन दिवस लावले. आज सकाळी लेस्टर येऊन गेला, त्यामुळे आता लिहिण्यावाचून सुटका नाही.

तो रॉड घेऊन आला होता. गल्ल्यापाशी उभा राहिला, टोपी हातात.

"डेल्फिना, हा परत घ्याल का? यूनिसला आता डोळ्यांसमोरही नको झालाय."

"का? चांगला नाही का?" मी विचारलं. बघ, किती निगरगट्ट झाले मी.

"छे हो! रॉडला कोण नावं ठेवतंय? तिला दुसऱ्याच दिवशी जड जायला लागला. मी म्हटलं, बदलून आणतो. तर माझ्याच अंगावर आली. म्हणाली, 'तुला काय कळतंय रे? डेल्फिनाने दिलाय ना? मग रॉड बरोबरच आहे. माझा हात बिघडलाय, त्याला सवय लावली पाहिजे.' आणि मग रोज जाऊन फेकायची. दुखलं की थोडं थांबायची, परत फेकायची. मी थांबवायला हवं होतं. चुकलंच माझं."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी गल्लत होतेय. मी विचारलं, "मी निवडलाय हे तुम्ही सांगितलंत तिला?"

"सांगायचं काय त्यात? तिनेच पाठवलं होतं मला! म्हणाली, 'माझ्यासाठी पाहिजे एवढंच बोल, मी पाठवलंय म्हणू नकोस. ती बरोबर निवडेल. आणि तिने निवडून दिला की मी समजेन, तिचा राग गेला.' तुम्ही दिलात तेव्हा काय खूश झाली होती! बाहेर गाडीतच थांबली होती, घरी जाईपर्यंत रॉड मांडीवर घेऊन बसली."

यूनिस, आता ऐक. मी तो रॉड चुकून दिला नाही. लेस्टरने मला सगळं नीट सांगितलं होतं. लहान मासे, दलदलीतली जागा, जानेवारीत ऑपरेशन झालेला खांदा. तुला हवा तो रॉड मागच्या भिंतीवर, डावीकडून तिसरा, टांगलेला होता. सात फुटी, मऊ टोकाचा, रिळासकट पाऊण पौंडाचा. माझा हात त्याच्याकडे गेलासुद्धा. मग लेस्टर म्हणाला, "आम्ही रविवारी जाणार आहोत." आणि मी हात खाली घेतला. बंदराच्या धक्क्यावरून मोठे मासे ओढायला देतात तो ताठ रॉड काढला, त्यावर मोठं रीळ चढवलं आणि त्याच्या हातात ठेवला. हवापाण्याच्या गप्पाही मारल्या त्याच्याशी, तीन मिनिटं. बस चालवलेला हात, तो कशाला खाली येतोय! म्हणाला, "झक्कास आहे."

मला एवढंच हवं होतं की तुला त्यात मजा येऊ नये. तू कंटाळावंस, त्याच्यावर वैतागावंस, म्हणावंस की याला साधा रॉडही निवडता येत नाही. आणि मग माझ्याकडे यावंस. खांद्याचा विचार आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला होता. मी तो बाजूला सारला. मला वाटलं, तू दोन दिवसांत फेकून देशील. माझ्या निवडीवर तू स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास ठेवशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लेस्टर जाता जाता म्हणाला की तू थेल्माला तुझं मासेमारीचं सगळं सामान देऊन टाकायला सांगितलंयस. "म्हणते, हात संपला माझा, आता मला घेऊन जाऊ नका कुठे." हे ऐकलं नसतं तर कदाचित मी हे पत्र फाडलं असतं. गोड पाव तेवढा पाठवला असता, आणि तू बरी झाल्यावर आलीही असतीस माझ्याकडे, पूर्वीसारखी. तो मोह मला आज दुपारपर्यंत होता.

मंगळवारी तू डॉक्टरांकडे जाणार आहेस ना? दुसरं ऑपरेशन करायचं की नाही ते तेव्हा ठरेल. त्यांना सांग की हा हात तीन आठवडे दुप्पट वजनाच्या आणि वाकायचं नाव न घेणाऱ्या रॉडने फेकत होता. धडधाकट माणसाचाही खांदा गेला असता. तुझा हात बिघडलेला नव्हता, यूनिस. सामान काढू नकोस. एकही रीळ कोणाला देऊ नकोस.

तुला कुठला रॉड लागेल ते सगळं मी एका कागदावर लिहून लेस्टरला दिलंय, खांदा बरा झाल्यावर घ्या म्हणून. पूल ओलांडून पलीकडच्या दुकानातून घ्यायला सांगितलाय. तो बावचळून म्हणाला, "अहो, तुमच्या भिंतीवर दिसतोय की तसलाच!" मी म्हटलं, "तिकडूनच घ्या." माझ्या हातचं काही तू घ्यावंस, असं आता मी कोणत्या तोंडाने म्हणू? बाकीचं त्याला अजून सांगितलेलं नाही. तो माझे आभार मानून गेला. आधी तुला कळायला हवं होतं. हे पत्र तुला पोचलं की मी त्याच्या घरी जाऊन सांगेन.

आणि तो तुला घेऊन जाईल तेव्हा जा. हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय, ते इतक्या लवकर जाणार नाही. पण जा.

बावीस वर्षं नावाच्या आधी 'तुझी' लिहीत आले. या वेळी ते लिहायचं की नाही, हे तू ठरव.

डेल्फिना