देव्हाऱ्यातलं हाड

सोम. ३ फेब्रु. ८६, नाहूर
जाग आली ती ‘टक्’ ऐकून. पूजेच्या वेळी शालू ताम्हणात काळा दगड ठेवायची, तो आवाज. तिला जाऊन दोन वर्षं झाली. कान मात्र अजून तिथेच.
दगड तिच्या भावाने, माझ्या मेव्हण्याने, आणलेला. बोटीवर नोकरीला होता तो. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर सापडला म्हणे. शालूने शाळिग्राम समजून देव्हाऱ्यात ठेवला. तीस वर्षं स्नान, गंध, फूल.
मी सहज वाचनालयात कुणाला दाखवला, तर आज गोरेगावहून कॉलेजातल्या भूशास्त्राच्या बाई आल्या. भिंग लावून बघत बसल्या. “गुरुजी, यात हाड आहे. पेंग्विनच्या पंखाचं असावं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं.”
घेऊन गेल्या. मीच दिला.

मंगळ. ४
तिसरीला कविता शिकवताना दरवर्षी सांगायचो, पक्ष्याची हाडं पोकळ, म्हणून तो उडतो. बाई म्हणतात, पेंग्विनचे पूर्वजही उडायचे. मग पाण्यात सूर मारू लागले. खोल जायला वजन हवं. हाडं भरत गेली, पंखांची वल्ही झाली. काही तर माणसाएवढे उंच!
आभाळ हाताशी असताना पाणी निवडलं. वर्ग असता समोर, तर...
खात्रीसाठी दगड आडवा कापणार. शुक्रवारी, अकराला. आत पोकळ की भरीव, दिसेल. मी हो म्हणून बसलो.

बुध. ५
सूनबाईला सांगितलं. सांगायला नको होतं.
“हाड? बाबा, आपल्या देव्हाऱ्यात हाड?”
“त्याचा दगडच झालाय गं आता.”
“मग दगडच राहू दे ना! कापून हाड निघालं तर परत घरात घेणार नाही. आईंचा देव होता तो.”
लेक शिरीष जेवता जेवता हसला. “झकास! तीस वर्षं पेंग्विनला नैवेद्य!” बायकोने असं पाहिलं, की कार्टा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

गुरु. ६
जेवण गेलं नाही. वाण्याकडून कॉलेजला फोन. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी, “बाई वर्गावर आहेत, निरोप सांगा.” “नाहूरचे गुरुजी. थांबा म्हणावं,” एवढंच बोललो. ठेवला.
‘कापू नका’ का नाही म्हटलं? खरं लिहायचं तर आत काय आहे ते मला बघायचंय. शालू, रागावशील तू. पण

शुक्र. ७
सकाळपासून घड्याळाकडे डोळे. साडेदहाला बेल. दारात चाळिशीचा अनोळखी माणूस, नखांत पांढरी भुकटी, खांद्याला पिशवी.
“गुरुजी ना? मी कांबळे. कॉलेजात दगड मी कापतो.”
मी दार पूर्ण उघडलं.
“तुमचा निरोप आला, थांबा. किती थांबायचं ते कुणाला माहीत नाही. बाई म्हणाल्या, जाऊन विचार. एकदा करवत लागली की माझ्या हातात काही नाही, म्हणून घेऊनच आलो.”
पिशवीतून काढला. मधोमध खडूची रेघ. “इथून.”
सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी.
“बसा, चहा घ्या,” म्हणालो. तो घेतोय. चहा संपेपर्यंत हे लिहून घेतो. दगड माझ्या मांडीवर आहे.