बारा किलोची केटलबेल

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आशा पडली नाही. पण पडली असती.

सकाळी सात वाजता तिला पलंगावरून खुर्चीत घेत होतो, तेव्हा हातातून सुटली. पलंगाच्या कडेवर टेकली आणि तिथून घसरायला लागली. मी गुडघा मध्ये घातला म्हणून थांबली. माझी कंबर भरली ती अजून सुटलेली नाही. आशाचं बोलणं अजून जेमतेमच. पॅरालिसिसचा झटका येऊन सहा आठवडे झाले, उजवा हात आणि उजवा पाय अजून तिचं ऐकत नाहीत.

तिचं वजन चोपन्न किलो. दवाखान्याच्या काट्यावर मी स्वतः पाहिलं होतं. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो, दुसऱ्याने वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. पण तपासणीची वीस किलोची मापं नेहमी शिपाई उचलायचा. मी फक्त शिक्का मारायचो. एकतीस वर्षांत काहीच उचललं नाही, हे आज कळलं.

१९ ऑगस्ट

मनीषाचा फोन, बेंगळुरूहून. आमची एकुलती एक मुलगी. कालचं तिला कसं कळलं? शेजारच्या लताबाई! त्यांना दुसरा उद्योग नाही.

"बाबा, तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात. घर बंद करा आणि आईला घेऊन इकडे या." मी म्हणालो, बघू. "बघू नाही. मी दिवाळीला येतेय. तुम्ही आईला नीट उचलून दाखवा. नाही जमलं तर दोघांना घेऊनच जाणार."

बाई ठेवून पाहिली आहे. दोन आल्या, दोन्ही आठवड्याच्या आत गेल्या. एक आशाला चालली नाही, एक मला.

आशाला विचारलं, बेंगळुरूला जायचं का. तिने डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली आणि सोडेचना. नको. मलाही नको. तिच्या तिथे अकराव्या मजल्यावर माणसाने दिवसभर करायचं काय? खाली भाजीवाला नाही, भांडायला कुणी नाही.

दिवाळीला नऊ आठवडे आहेत.

२१ ऑगस्ट

संजना रोज अकरा ते बारा येते, आशाचा व्यायाम घ्यायला. फिजिओथेरपिस्ट. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पण हुकूम कलेक्टरसारखे. तिला सोमवारचं सांगितलं. म्हणाली, "काका, काकूंचं नंतर बघू. आधी तुमचं. या खुर्चीवरून हात न टेकता उठा."

उठता आलं नाही. तीनदा प्रयत्न केला. आशा बघत होती.

संजनाचं म्हणणं असं की माणूस हाताने उचलत नाहीत, पायाने आणि बुडाने उचलतात, आणि माझ्या तिथे काही शिल्लक नाही. केटलबेल घ्या म्हणाली. मोबाइलवर फोटो दाखवला — लोखंडी गोळा, वर कडी. दोन पायांच्या मध्ये ठेवायची, उचलून सरळ उभं राहायचं, परत ठेवायची. आधी आठ किलो, मग बारा. "महागातली नको, पण चांगली बघून घ्या. कुठलीही उचलून आणू नका." हे तिने मला सांगावं!

आणखी एक सांगितलं. अकरा ते बारा मी घराबाहेर जायचं. मी समोर असलो की काकू व्यायाम सोडून माझ्याकडे बघतात म्हणे.

२३ ऑगस्ट

पिशवीत लटकवायचा काटा टाकला आणि निघालो. चार दुकानं झाली.

पहिल्या दुकानात लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या. आत सिमेंट. सर्वात स्वस्त. हलवली तर आत खुळखुळतं, तळाचं बूच सैल. आणि आठ किलोला एवढी फुगीर की गुडघ्यांमध्ये मावत नाही. काट्याला लावली — सात किलो एकशे ऐंशी. दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "काका, व्यायामाला काय फरक पडतो? भाजी थोडीच घ्यायचीय!" अशा माणसाशी पूर्वी मी वेगळ्या भाषेत बोललो असतो. नाकारली.

दुसऱ्या दुकानात रबराचा थर दिलेली. दिसायला झकास. पण कडीच्या आतल्या बाजूला ओतकामाची धार तशीच ठेवलेली, तळव्याला ओरखडा उठला. नाकारली.

तिसऱ्या दुकानात कडी वेल्डिंगने जोडलेली. वेल्डिंगवर काळा रंग फासून लपवलं होतं. हातात असताना सुटली तर पायाचा चुरा. नाकारली.

कॉलेज रोडला एक चांगली होती. किंमत ऐकून काटा पिशवीतून बाहेरही काढला नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसवला. आशाने आरती निम्मी म्हटली, निम्मी नुसती ओठांनी. केटलबेल नाही.

३० ऑगस्ट

ऑनलाइन मागवलेली आली. वजन आठ किलो सहाशे चाळीस. तक्रारीच्या नंबरवर एक मुलगी होती. "सर, जास्त आलंय तर प्रॉब्लेम काय आहे?" तिला सांगितलं, कमी असो की जास्त, चूक ती चूकच. तिने फोन दुसऱ्याकडे दिला. त्याने तिसऱ्याकडे. परत पाठवली.

संजना चिडली. "दहा दिवस झाले काका! तुम्ही केटलबेल शोधताय की चोर?" सकाळी आशाला घेताना पुन्हा पकड सैल झाली होती, ते तिला सांगितलं नाही.

२ सप्टेंबर

कोपऱ्यावर सावळीराम भाजी विकतो. गिरणारे गावाकडचा. वीस वर्षांपूर्वी मी त्याचा काटा जप्त केला होता. त्याने ते मनात ठेवलेलं नाही, पण विसरलेलाही नाही. लटकवायच्या काट्याबद्दलच शंका यायला लागली म्हणून तो त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याशी ताडून बघायला गेलो. पाच किलो बटाटे दोन्हीवर पाच किलोच. माझा काटा बरोबर आहे. त्याचाही, हे लिहायला हवं.

"साहेब, हे वजन कशापायी करता?" सगळं सांगितलं. आशाला उचलायचंय म्हटल्यावर तो हसायचा थांबला. म्हणाला, "तुमी वाकताच चुकीचं. म्या बगतो ना, पिशवी उचलता तवा." मग बटाट्याची गोणी पुढे ओढून दाखवलं. "कमरेतून नाय वाकायचं. बूड मागं न्यायाचं, जसं काय दार बुडानं लोटायचंय. मग उठायचं. लय सोपं हाय." संजना हेच सांगते, इंग्रजीत.

मी भर रस्त्यात बूड मागे नेऊन उभा. गोणी हलली नाही. दोन गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत.

त्याचा भाचेजावई लखन अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात आहे. तिथे व्यायामाची वजनंही बनतात म्हणे. हे याने आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "तुमी इचारलं कुठं?"

४ सप्टेंबर

अंबड. कुंभमेळ्याच्या नावाने सगळे रस्ते खोदून ठेवलेत, स्कूटरवरून जायला पाऊण तास.

लखन तिशीतला, कमी बोलणारा. मला आवडला. त्याने केटलबेल कशी बघायची ते तीन मिनिटांत सांगितलं, चार दुकानदारांना मिळून सांगता आलं नव्हतं. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची हवी, आणि कडी व गोळा एकाच ओतात आलेला हवा. कडीच्या आतून बोट फिरवायचं, शिवण लागता कामा नये. दोन्ही हात कडीत मावले पाहिजेत. तळ सपाट हवा, फरशीवर ठेवून हलवून बघायची. रंग पातळ आणि जरा खरखरीत. जाड चकचकीत रंगावर घामाने हात सरकतो.

रंग उडाला म्हणून बाजूला काढलेला एक ढीग होता. बाकी माल चोख. मी काटा काढला. आठ किलोच्या नऊ लटकवल्या. सात किलो सातशे ऐंशी, सात नऊशे दहा, कुठे आठच्या वर शंभर, कुठे दीडशे. नववी आठ किलो वीस ग्रॅम. ती घेतली. बारातली पहिलीच बारा किलो साठ निघाली, तीही घेतली. कॉलेज रोडला एकीला जेवढे मागत होते तेवढ्यात दोन्ही आल्या.

लखन म्हणाला, "काका, सोन्याच्या दुकानात पण लोक इतकं बघत नाहीत." मी म्हणालो, तिथे बघायला हवं.

५ सप्टेंबर

दहा वेळा उचलली. आठ किलो म्हणजे काय, असं वाटलं होतं. दुपारी जिना उतरताना कठडा धरून उतरलो.

६ सप्टेंबर

संडासात बसता येईना. एवढंच.

१४ सप्टेंबर

व्यायाम आशाच्या खोलीतच करतो. ती पलंगावरून मोजते. नावं अडतात तिची — परवा मला ‘मनीषा’ म्हणून हाक मारली — पण आकडे ओळीने येतात. संजना म्हणते, मोजू दे, चांगलं आहे. आज पंधराच्या पुढे मला दम लागला तरी ही सोळा, सतरा म्हणत राहिली. मी थांबलो. ती थांबेना. वीस म्हणाली आणि हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा हसली. तोंड अजून एका बाजूला जातं. मला चांगलं वाटलं.

पुढचे पाच केले मग. काय करणार.

२८ सप्टेंबर

बारा किलो सुरू. खुर्चीवरून हात न टेकता उठतो.

आशाला घ्यायची रीत आता बसली आहे. तिचे पाय माझ्या पायांच्या मध्ये. तिचा डावा हात माझ्या गळ्यात, उजवा मी उचलून खांद्यावर ठेवतो. माझे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, बोटं गुंतवून. बूड मागे. तिला छातीशी धरायचं आणि उठायचं, वळायचं, खुर्चीत ठेवायचं. दिवसातून सहा वेळा. लताबाई तिच्या केसांना तेल लावून देतात, त्याचा वास येतो.

असं तिला आधी कधी धरलं होतं आठवलं नाही. मी त्यातला माणूस नव्हे. लग्नानंतर पहिली पोस्टिंग मालेगावला, ती नाशकात सासूसासऱ्यांपाशी, मग बदल्या, मग मनीषा. वेळ गेला.

९ ऑक्टोबर

आज ती हलकी वाटली. खाण्यात कमी नाही, लताबाईंच्या दोन पोळ्या खाते. म्हणजे माझीच ताकद वाढली असणार. पाच आठवड्यांत एवढा फरक! खात्री करायला खाली जाऊन सावळीरामचं टोमॅटोचं भरलेलं कॅरेट उचललं. गाडीवर नेऊन ठेवलं. तो म्हणाला, "साहेब, उद्यापासून मार्केट यार्डात या, हमाली देतो."

घरी येऊन आशाला सांगितलं. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला. मुद्दाम, चेष्टेने. पण लावला.

१७ ऑक्टोबर

मनीषा परवा येतेय. झोप धड लागत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

मनीषा विमानाने ओझरला उतरली, बाराला घरी. आल्या आल्या म्हणाली, "आधी दाखवा." चहासुद्धा नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे.

पलंगावरून खुर्चीत घेतलं. खुर्चीतून पलंगावर. मनीषा हाताची घडी घालून बघत होती. "परत एकदा." परत एकदा घेतलं. ती पुढे येऊन माझ्या पायांकडे बघायला लागली, कुठे तोल जातोय का. नाही गेला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आशाच "पुरे" म्हणाली. स्पष्ट. एकदम.

मनीषा खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, ठीक आहे. राहा इथेच.

मी विचारलं, तिकिटं काढली होतीस का. "तिघांची काढली होती, बाबा. रद्द करते दोन."

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आशाला पाटाजवळ खुर्चीत बसवलं. मनीषाने केटलबेललाही हळदकुंकू लावलं. लावू दे.

२५ ऑक्टोबर

मनीषा गेली. घर आमचं.

३ नोव्हेंबर

बारा किलो आता सहज जाते. लखनला फोन केला, सोळाची बघून ठेव म्हटलं. तो म्हणाला, सहा बाजूला काढतो, लटकवायला. अजून दहा वर्षं तरी तिला उचलता यायला हवं. तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा. जमेल.

५ नोव्हेंबर

संजना निघाली होती, मी बाहेरून येत होतो. जिन्यात भेटली. तिला म्हटलं, उद्या सोळा किलोची आणतो. ती म्हणाली, "आता कशाला काका? काकू तर आपल्या आपण उभ्या..." आणि जीभ चावली.

मग सांगावंच लागलं तिला. दसऱ्यानंतर आशा एकटी उभी राहते. पलंगापासून खुर्चीपर्यंत चार पावलं येते आणि बसते. "मी सांगणारच होते. काकूंनी शपथ घातली. अडखळत म्हणाल्या, अडतीस वर्षांत धरलं नाही एवढं आत्ता धरतात. राहू दे थोडे दिवस."

संजना गेली. मला रडू आलं. तिथेच पायरीवर बसलो.

वर गेलो. आशा खुर्चीत होती. मी काही विचारलं नाही. तिला पलंगावर घ्यायची वेळ झाली होती. घेतली. खाली ठेवायची घाई केली नाही.