मसुरीएवढी फिरकी

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

गोडादरा, सुरत
१६ जून २०२४

चि. योगेंद्र यास आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

सुट्टी संपवून तू ट्रेनिंगला परत गेलास आणि मी घर झाडायला घेतलं. शी! तुझ्या वर्दीवरच्या नावाच्या पट्टीमागच्या त्या फिरक्यांनी वीट आणला मला. कानातल्यामागे आम्ही लावतो तेवढीच, मसुरीएवढी पितळी टोपी. एक मोरीच्या जाळीत केसांच्या गुंत्यात निघाली, दुसरी तांदळात. मी निवडत होते म्हणून, नाहीतर तुझ्या बाबांचा दात गेला असता. तिसरीसाठी बाबा लूमच्या कारखान्यातून दमून आलेले असूनही खाटेखाली पालथे पडले. सापडली मेलेली पाल.

सरकार एवढी मोठी बंदूक देतं आणि छातीवरचं नाव धरायला ही भिकार वस्तू! फोनवर तू दोन मिनिटं मिळतोस, त्यात सांगायचं राहिलं. मी बंदोबस्त केला आहे. साड्यांवर टिकल्या चिकटवायचा गम घरात होताच. तू निघालास त्या सकाळी उरलेल्या दोन फिरक्या देवीचं नाव घेऊन वर्दीला पक्क्या चिकटवल्या.

श्रावणात कानबाईच्या रोटाला ये, भाऊ. रोटाच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघतात. गहू निघावेत आणि खाणारा नसावा, हे मला सोसायचं नाही.

माया आहेच, तिकडूनही राहू दे.
तुझी आई, जयश्री


ट्रेनिंग सेंटर
२७ जून २०२४

ती. आईस योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आई, काय करून ठेवलंस हे! वर्दी धुवायची तर पट्टी काढावी लागते, पितळ घासावं लागतं. मी ओढली, तर खिशाचं झाकणच पट्टीसकट हातात आलं. कवायत घेणाऱ्या उस्तादांनी ते सगळ्या प्लाटूनला फिरवून दाखवलं आणि विचारलं, हे कोणत्या इंजिनियरचं काम. मी खरं सांगितलं. सगळे हसले, उस्ताद हसले नाहीत. मैदानाला कोलांट्या मारत दोन फेऱ्या. नाकातोंडात माती.

इथे फिरकी म्हणजे सोनं. मी आंघोळीला गेलो की शेजारच्या खाटेवरचा राकेश माझी काढतो, तो गेला की मी त्याची. पण आता चेष्टा पुरे. २० जुलैला कपड्यांची तपासणी आहे. एक जरी फिरकी कमी निघाली तर श्रावणातली सुट्टी रद्द, असं उस्तादांनी मला बजावलंय. कॅन्टीनमधल्या संपल्यात. माझ्याकडे एकही धड नाही. तू मात्र आता काही चिकटवू नकोस.

बाबांना नमस्कार. रागावलो नाही, लोभ ठेव.
तुझा योगेंद्र


गोडादरा
५ जुलै २०२४

चि. योगेंद्र यास आशीर्वाद.

पत्र वाचून ताट बाजूला सारलं. लेकराच्या तोंडात माती गेली ती माझ्या हाताने. आधी स्वतःची किळस आली, मग त्या फिरकीची.

शेजारच्या उषाबाईंना घेऊन लिंबायतला बांगडीवाल्याकडे गेले. तांदळात निघालेली फिरकी सोबत नेली आणि एकेक ताडून पाहिली. तो म्हणाला, कानातलं दाखवा म्हणजे नीट बसेल ती देतो. मी म्हटलं, कानात नाही घालायची, फौजेत घालायची. तेवढ्यात एक हातातून निसटलीच! आम्ही दोघी भर बाजारात ओणव्या, आणि नाकाशी लोकांच्या गुटख्याच्या पिचकाऱ्या. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, तरी वास जाईना.

सोबत वीस फिरक्यांची पुडी आहे. उस्तादांना सांग, चूक आईची होती. शिक्षा करायची तर मला करा, पण पोराला देवीच्या रोटाला सोडा.

पुडी पोचल्याचं लगेच कळव, जीव टांगला आहे.
आई


ट्रेनिंग सेंटर
२१ जुलै २०२४

ती. आईस शि. सा. न.

पुडी वेळेवर पोचली, पिनेला बरोबर बसल्या. काल उस्तादांनी खिसा उलटा करून दोन्ही फिरक्या ओढून पाहिल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरून आणखी आल्यात का. चार घेऊन गेले. सुट्टी मंजूर, ९ ते १३ ऑगस्ट.

घाईत आहे, प्रेम तेवढंच.
योगेंद्र


गोडादरा
२९ जुलै २०२४

चि. योगेंद्र यास अनेक आशीर्वाद.

देवीपुढे साखर ठेवली. तुझ्या नावाचे गहू काढले, बाबांनी मूठ स्वतः मोजली. एक मात्र ऐक. कानबाईच्या मिरवणुकीत माझा मुलगा वर्दीत चालेल, असं मी गल्लीभर सांगून बसले होते. उषाबाईंनी तर फोटोवालाही ठरवलाय. त्या सगळ्यांना मी काय ते सांगेन. तू लुंगीत ये, बनियनवर ये, पण ती वर्दी तिकडेच ठेवून ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई